पाव्हणे पाणंदीनं येणार

१ जानेवारी २००९, गुरुवार

भुजंगला बियाण्याच्या दुकानातून डायरी भेटली. जालन्याच्या कंपनीची, वर कपाशीचं बोंड छापलेलं. भुजंग माझा लेक. त्याला लिहायचं वावडं, मंग मीच घेतली. चौथी पास हाय मी. पाचवीत गेल्ते तेव्हा लगीन लागलं, न्हाईतर मास्तरीण झाले असते बिलकुल.

यंदाचे ठराव. रोज लिहायचं. मिश्री सकाळी एकदाच लावायची. आन कांताबाईचं नाव काढायचं न्हाई. कांताबाई म्हंजे माझी धाकटी जाऊ. गल्लीच्या तोंडाशी राहती, आन दिवसभर ओट्यावर बसून येणारा-जाणारा माणूस चाळणीतून काढल्यासारखा चाळती. असल्या बाईवर शाई कशाला घालवा. हे शेवटचं.

डायरीच्या मागं महाराष्ट्राचा नकाशा हाय. आमचा जिल्हा नखाएवढा. त्यात भोकरदन न्हाई, मंग आमची हिवरदरी कुठून असणार. ज्यानं काढला तो कधी भोकरदनच्या बाजारातून वांगे घेऊन पायी आला का? न्हाई. मंग त्याला कुठला रस्ता कळतो.

६ जानेवारी

मधी लिहायचं राहिलं. कामं होती.

आनंदाची बातमी. शहागडहून माझ्या बहिणीचा, झुंबरबाईचा फोन आल्ता. तिथं हायवेला रामकिसनराव म्हणून हायेत, ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान. त्यांचा संपत पुण्यात इंजिनेर हाय. आमच्या रेणुकेसाठी विचारून राह्यलेत. रेणुका माझी नात, बी.ए. झाली, रंगानं जरा सावळी पण नाकीडोळी माझ्यावर गेली. मागं दोन ठिकाणचे बघून गेले, कळवतो म्हणले आन कळवलंच न्हाई. त्यातले एक तर आमच्याकडं यायच्या आधी कांताबाईच्या ओट्यावर चहा पिऊन आल्ते. तिथं काय कानात पडलं असंल ते देवाला ठाऊक. तिच्या घरातही उषा नावाची नात लग्नाची हाय, एवढंच लिहिते. नाव मी काढत न्हाई.

संपतचा फोटो आला. सुनेनं, बेबीनंदानं, देवाजवळ ठेवला. संध्याकाळी बघितला तर तिथं न्हाई. रेणुकेला विचारलं तर म्हणे मला काय माहीत, वाऱ्यानं गेला असंल. बंद घरात वारा.

हे लगीन मी जमवणार. भुजंगच्यानं होत न्हाई.

१४ जानेवारी, संक्रांत

वसंता आला पुण्याहून. रेणुकेचा थोरला भाऊ. कंपनीत कामाला हाय, काय काम तर म्हणे कॉम्प्युटरवर नकाशे भरायचं. चांगला शिकवला पोरगा आन तो तलाठ्याचं काम करतो. तेही शेतात न जाता.

म्हणला, आजी, आता कुणी रस्ता विचारत न्हाई. गाडीत डबी बसवायची, त्यातून बाई बोलती, डावीकडे वळा, उजवीकडे वळा.

म्हनलं, कोण बाई? म्हणला, मशीन हाय ते. म्हनलं, मशीन असू दे, पण तिचं गाव कोणतं, कुणाची कोण? हसून राह्यला.

आमच्याकडं रस्ता विचारायची रीत हाय. आधी सांगायचं कुणाकडचे, कुणाचे कोण. मंग पाणी प्यायचं. मंग आम्ही रस्ता सांगतो, आन जमलं तर कोपऱ्यापर्यंत सोबत जातो. त्या डबीतल्या बाईला ना माहेर ना सासर, ती काय रस्ता सांगणार. आन तिचं ऐकणारे त्याहून शहाणे. माणसाला विचारायची लाज वाटती.

मिश्री दोनदा लावली. सण होता.

१५ जानेवारी

आज मोठी गंमत झाली. वसंतानं लॅपटॉप उघडला, त्याला शेपटीसारखं इंटरनेट लावलं आन म्हणला, बघ आजी, वरून आपलं गाव.

खरंच आपलं गाव. घारीला दिसतं तसं. माझं घर, माझा लिंब, मागचं दार, गोठा. मी लिंबाखाली स्वतःला शोधत होते तर म्हणला फोटो दोन वर्षाआधीचा हाय. मंग गोठ्यापाशी जो ठिपका हाय ती आपली कपिली गाय असणार, ती गेल्या वर्षी वारली. डोळ्याला पाणी आलं. वसंता म्हणला ते बहुतेक पाण्याची टाकी हाय. त्याला काय कळतं गायीतलं.

वरून बघितलं की माणूस लपत न्हाई. कांताबाईच्या घरावरचे पत्रे अर्धे गंजलेत. पुढून निळं दार, ऑइल पेंट, आन वरून हे. मी ठरावाच्या आत राहूनच लिहिते, पत्र्याबद्दल लिहिलं, बाईबद्दल न्हाई.

वसंता म्हणला, या नकाशात आता लोकच घरबसल्या नावं भरतात, हे नवीन निघालंय. तुझं घर टाकू का? टाक म्हनलं. काय लिहू? म्हनलं, द्वारकाबाईंचं घर. भुजंग म्हणला, घर माझ्या नावावर हाय. म्हनलं, सातबारा तुझा, नकाशा माझा.

टाकलं. लाल टिकली लागली माझ्या घराला. सगळ्या गल्लीत एकच. वसंता म्हणला कांताआजीचंही टाकतो. म्हनलं, गर्दी होईल.

काल नकाशाला नावं ठेवली ती जरा घाईनं. चांगली विद्या हाय. ज्यांचं घर त्यात न्हाई त्यांनीच नावं ठेवावी.

१७ जानेवारी

आज पक्कं काम करून घेतलं.

संपतकडचे पाव्हणे बावीस फेब्रुवारीला, रविवारी, बघायला येणार. संपत पुण्याहून गाडी आणणार, शहागडहून आईबापाला घेणार, आन त्याच्या गाडीत ती डबी हाय. वसंता त्याला ताजा नकाशा भरून देणार. मंग मला सुचलं.

गावात यायला डांबरी रस्ता हाय, पण तो मसणवट्याच्या बाजूनं येतो. मुलगी बघायला येणाऱ्यांनी मसण बघत यावं का? मागचे दोन त्याच रस्त्यानं आल्ते आन बघा काय झालं. त्यापेक्षा पाणंद. फाट्याच्या अलीकडून शेताशेतातून येते ती जुनी बैलगाडीची वाट, नीट माझ्या मागच्या दारात निघते. मधी गल्ली न्हाई, ओटा न्हाई, काही न्हाई. कांताबाईचा यात काही संबंध न्हाई. मी मसणाचं बघून राह्यले.

वसंताला म्हनलं, एवढी रेघ ओढ. म्हणला, आजी, तिथून गाडी जाते का? म्हनलं, न जायला काय झालं? माझी वरात त्याच वाटेनं आली, पुढं बँड होता. म्हणला, हल्ली जाते का? म्हनलं, वाट कुठं हलते का?

भुजंग मधीच बोलला, वाटणीत ते शेत सर्जेरावकडं गेलंय, दोन्ही बाजूनं नांगरून नांगरून पाणंद चिंचोळी केलीय त्यानं. सर्जेराव म्हंजे कांताबाईचा लेक, उषाचा बाप. म्हनलं, वाटणी शेताची झाली, वाटेची न्हाई झाली. गप बस.

वसंतानं रेघ ओढली. नाव काय देऊ म्हणला. सासऱ्याचं दिलं. रामराव मार्ग. पिवळा जाड रस्ता दिसतो आता, डांबरीपेक्षा रुंद. माझ्या सासऱ्यानं आयुष्यात एवढी मोठी गोष्ट केली न्हाई.

२९ जानेवारी

वसंता गेला पुण्याला. रस्ता मंजूर झाला म्हणून फोन केला. सरकारला जे वीस वर्षात होत न्हाई ते आम्ही आठ-दहा दिवसात केलं.

भोकरदनच्या दुकानातून फ्रीज मागवला, पाव्हण्यांना थंड पाणी पाहिजे. टेम्पोवाल्या पोऱ्याकडं नकाशावाला मोबाईल होता. पाणंदीनं आला आन मधीच अडकला. फ्रीज चार माणसांनी उचलून आणला, दार चेपलं.

टेम्पोवाला प्यायलेला असणार. सुनेनं सांगितलं तो माळकरी हाय, गळ्यात तुळशीमाळ होती. मंग झोपलेला असणार.

८ फेब्रुवारी

भुजंग सारखी किरकिर करून राह्यला. म्हणतो, आई, पाणंदीत काही खरं न्हाई, मीच फाट्यावर जाऊन उभा राहतो, पाव्हण्यांना डांबरीनं आणतो. म्हनलं, पुण्याचा इंजिनेर, त्याच्या गाडीत बाई बोलती, आन तू फाट्यावर टोपी घालून उभा. काय वाटंल त्यांना? अडाणी घर.

म्हणतो, मंग फोन करून सांग तरी. म्हनलं, नकाशात हाय ते तोंडानं कशाला सांगायचं? तोंडानं सांगायचे दिवस गेले.

सर्जेरावच्या गव्हाला पाणी चालू हाय. चालू दे. आपल्याला काय करायचं.

पायी जाऊन रस्ता बघून यायचं ठरवलं होतं. गुडघा दुखला. उद्या.

२१ फेब्रुवारी

रस्ता बघायचा राहिलाच. पण लॅपटॉपवर बघितला होता की, पिवळा, सरळ.

तयारी झाली. मागचं अंगण सारवलं, मागच्या दाराला तोरण. पुढचं दार लावून घेतलं. बेबीनंदा म्हणाली, सासूबाई, पाव्हणे कधी मागच्या दारानं येतात का? म्हनलं, रस्ता जिथं येतो ते पुढचं दार. नकाशात तसंच हाय.

रेणुका पोह्याला शेंगदाणे निवडून राह्यली होती. मी गेले तर पदराखाली काहीतरी सारलं. फोटो असणार. मनातून फार खूश हाय मी आज. माझी पोरगी पुण्याला जाईल आन मी जाईन तिच्याकडं, गाडीत बसून. त्या डबीतल्या बाईला म्हणीन, तुझ्याआधी मी होते.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०

पाव्हण्यांनी जालना सोडल्याचा फोन आला. रेणुका मोरपंखी साडीत. दृष्ट काढली.

दुपारी १२

यायला पाहिजे होते. भोकरदनला बाजार घेत असतील.

दुपारी १

पोहे गार झाले. परत परतले. भुजंग फाट्यावर जातो म्हणला, जाऊ दिला न्हाई. ऐन वेळी घरातला पुरुष बाहेर गेला तर कसं दिसंल.

दुपारी २

फोन लागत न्हाई. शेतातून टॉवर भेटत न्हाई. म्हंजे शेतात हायेत. म्हंजे बराबर रस्त्यानं हायेत. मी सांगितलंच होतं.

संध्याकाळी

जे झालं ते लिहिते, पण नीट लिहिते, कारण गावात भलतंच सांगून राह्यलेत.

सर्जेरावचा पाट फुटला. त्याच्या गव्हाचं पाणी सगळं पाणंदीत. काळी माती, पाणी प्यायली की तिच्यात बैल बसतो तर मोटार काय. संपतची गाडी दारापर्यंत रुतली. रामकिसनराव उतरले ते चप्पल चिखलात गेली, परत आलीच न्हाई. त्यांच्या बायकोची पैठणी गुडघ्यापर्यंत. आन गाडीतली बाई म्हणून राह्यली, सरळ जा, सरळ जा.

सर्जेराव तिथंच पाणी धरून होता. त्यानं ट्रॅक्टर आणला, दोर लावला, गाडी ओढून आपल्या घरापुढं नेली. ट्रॅक्टर त्याचा, दोर त्याचा, तो कुठं नेणार. कांताबाईनं गरम पाणी दिलं पाय धुवायला. उषानं तांब्या धरला. बाईला कोरडं लुगडं दिलं, जेवू घातलं, झुणका आन ताजी पोळी. मंग ओट्यावर बसवलं.

आमच्याकडं आले तेव्हा पोट भरलेलं. पुढच्या दारानं आले, ते मी आतून लावलेलं. कडी काढायला उशीर झाला. रेणुका पोहे घेऊन आली, कुणी हात लावला न्हाई. रामकिसनरावांची बायको कांताबाईच्या लुगड्यात बसली होती, हिरवं, मोठ्या काठाचं, ते मी ओळखते, सासूचं हाय, वाटणीत मला यायला पाहिजे होतं.

संपतनं रेणुकेला एकच विचारलं, हा रस्ता नकाशात कुणी टाकला? रेणुका चांगली पोरगी, खाली बघत राहिली. मी म्हनलं, कंपनीनं.

बोलणं चांगलं झालं. कळवतो म्हणले.

२५ फेब्रुवारी

निरोप न्हाई. मोठी माणसं घाई करत न्हाईत.

चूक कुणाची ते स्पष्ट हाय. पाट सर्जेरावचा. पाणी सर्जेरावचं. रस्ता माझा, आन रस्ता कोरडा असता तर उत्तम होता. वसंताला फोन केला तर तो उलटा माझ्यावर चिडून राह्यला. म्हणे, आजी, कंपनीत सगळे मला हसले, साहेबानं विचारलं तू रस्ता बघितला होतास का, मी काय सांगू? म्हनलं, सांग, आजीनं बघितला होता. म्हणला, कधी? म्हनलं, लग्नात. त्यानं फोन ठेवला. रेंज गेली असंल.

८ मार्च

झुंबरबाईचा फोन. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलत राहिली, शहागडला ट्रक उलटला, गोदावरीला पाणी न्हाई. मंग म्हणाली, अक्का, त्यांना पसंत हाय. म्हनलं, मला माहीतच होतं. म्हणाली, उषा पसंत हाय.

पुढं म्हणाली, रामकिसनरावांची बायको सगळीकडं सांगत फिरती, चिखलात पडल्यावर ज्या घरानं पाय धुतले त्या घरची मुलगी करायची.

यात काही राम न्हाई. पाय धुणं म्हंजे काय मोठं काम. माझ्या दारात आले असते तर मीही धुतले असते. सगळे पाय धुतले असते.

तसंही संपत मला आधीपासून पसंत नव्हता. डोळे बारीक हायेत.

१२ मार्च

काल धुळवड झाली. रेणुका चार दिवस झाले नीट जेवत न्हाई. अपचन असणार. ओवा दिला. बोलत न्हाई, कुणी बोललं तर हो म्हणती. सकाळी चुलीत काहीतरी टाकलं तिनं. जाड कागद होता, कडेनं निळा जाळ आला. मी विचारलं न्हाई.

मिश्री किती वेळा लावली ते लिहीत न्हाई.

३ एप्रिल

रेणुका म्हणाली मी पुण्याला दादाकडं जाते, कोर्स करते. कसला तर तोच, कॉम्प्युटरचा, नकाशाचा. म्हनलं, तुला कुणी सांगितलं हे वेड? म्हणाली, आजी, एका माणसानं तरी रस्ता बघून मंग भरला पाहिजे. सून हसली. मला कळलं न्हाई हसायला काय झालं.

उषाचा साखरपुडा अक्षयतृतीयेला, कांताबाईच्या दारात. तो होईपर्यंत राहा म्हनलं रेणुकेला, न्हाईतर लोक म्हणतील रुसून गेली. राहती म्हणाली.

सर्जेरावनं पाणंदीच्या तोंडाला बाभळीच्या काट्या लावल्या. तरी रामराव मार्ग नकाशात हायच. तो त्याच्या बापाला काढता येणार न्हाई.

२७ एप्रिल, अक्षयतृतीया

मी साखरपुड्याला जाणार नव्हते. डोकं दुखत होतं. पुढच्या दारात खुर्ची टाकून बसले, वारं घ्यायला.

सकाळी पहिली गाडी आली ती सरळ माझ्या दारापुढं थांबली. आत पाव्हणे, फेटे बांधलेले, पुढं एकाच्या हातात मोबाईल. म्हणला, आजी, साखरपुड्याचं घर हेच ना? नकाशात गल्लीत हे एकच घर दाखवतं.

मी उठले. पाणंदीची वाट माझ्या जिभेवर आल्ती. असंच मागं फिरा, फाट्याच्या अलीकडून वळा. एवढंच बोलायचं होतं. तेवढ्यात रेणुका मागून आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आन म्हणाली, तुम्ही पुढं आलात दादा, गल्लीच्या तोंडाला निळ्या दाराचं घर. आधी पाणी प्या. आन तांब्या आणला. त्यांनी विचारलं तुम्ही मुलीच्या कोण? म्हणाली, बहीण.

मीही तेच सांगणार होते.

मंग दुसरी गाडी आली. मंग तिसरी. जी येई ती माझ्याच दारात. रेणुका साखरपुड्यात गेली, उषाला सजवायला, आन मी एकटी दारात. बसले तर लोक आत शिरून राह्यले, म्हणून उभी राहिले. निळं दार, निळं दार, म्हणून घसा बसला. प्रत्येकाला विचारलं, कुणाकडचे, कुणाचे कोण. पाणी दिलं. माठ रिकामा झाला, चेपलेल्या दाराच्या फ्रीजमधलं गार पाणी काढलं, तेही संपलं. एक म्हातारी शहागडहून आल्ती, तिला चालवत न्हाई, तर तिला कोपऱ्यापर्यंत सोबत नेलं. ओट्यावर कांताबाई उभी होती. म्हातारीचा हात तेवढा तिच्या हातात दिला.

दुपारी तिनं सर्जेरावच्या धाकट्या पोरीच्या हाती ताट पाठवलं, पुरणपोळी, तुपाची वाटी वेगळी. निरोप असा की, अक्का, तुम्ही दारात उभ्या राहिल्या म्हणून एकही पाव्हणा चुकला न्हाई. आन लग्नाच्या दिवशीही अशाच उभ्या राहा.

पाय सुजलेत. पण खरं तेच म्हणाली ती, मी नसते तर तिचा साखरपुडा झालाच नसता. लग्नाला पाण्याचे दोन माठ लागतील. भुजंगला आत्ताच सांगून ठेवते.